शिपायाच्या अंगचं माप

१९५९ च्या जूनमध्ये उस्मानाबादच्या एका मुलींच्या शाळेत शिवणकाम हा परीक्षेचा विषय झाला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, शेवटी सरकारी प्रमाणपत्र. सतरा मुलींनी नावं घातली. शिकवायला मल्लिनाथ मास्तर आले आणि महिनाभरात अकरा नावं कमी झाली. मास्तर पन्नाशी उलटलेले, खालमानेनं बोलणारे, पण पुरुष. शिक्षिका नेमायची तर ती याच विषयात पास झालेली हवी, आणि तशी बाई जिल्ह्यात नव्हती. मास्तरांविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. मुलींना घरी ठेवलं, एवढंच. राहिलेल्या सहांपैकी पाच जणी पुढच्या दोन वर्षांत लग्न होऊन गेल्या.

तिसऱ्या वर्षी वर्गात एकटी नूरजहाँ होती. तीही तिची आई अजीजाबी सोबत येई म्हणून. मास्तर फळ्याकडं तोंड करून शिकवत, दाराजवळच्या बाकावर अजीजाबी लसूण नाहीतर शेंगा सोलत बसे. मुख्याध्यापिकेनं नूरजहाँला सांगून ठेवलं होतं, की पास झालीस तर याच वर्गावर तुझी नेमणूक होईल. बाई शिकवतेय म्हटल्यावर मुलीही येतील. माकणीला तिचं लग्न ठरलं होतं. होणारी सासू फरिदाबी हिनंही कबूल केलं होतं, "पोरींनाच शिकवायचं ना? मग शिकवू दे. नापास झाली तर मात्र निकाह लगेच, आणि शाळेचं नाव काढायचं न्हाय."

नूरजहाँचे वडील जलील टेलर. त्यांच्या दुकानात बायका कधी येत नसत. घरातून जुना झंपर नाहीतर कुडतं मापाला येई. ते पाटावर पसरायचं, सुरकुत्या हातानं काढायच्या, टेप लावायची, आकडे खडूनं पाटावरच लिहायचे. नूरजहाँ दहाव्या वर्षापासून हे करत होती. माणसाचं माप म्हणजे त्याच्या कपड्याचं माप, असा तिचा हात बसला होता. वर्गात मैत्रिणी होत्या तोवर मुलींनी एकमेकींची मापं घेतली. पुरुषी सदऱ्याची वेळ आली तेव्हा मास्तरांनी आकडे फळ्यावर लिहून दिले. यात काही राहून गेलं, असं कुणाला वाटलं नाही.

१९६२ च्या एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा झाली. परीक्षक आण्णासाहेब औरंगाबादहून आले. प्रश्न होता, समोरच्या माणसाचं माप घेऊन पूर्ण बाहीचा सदरा बेतावा व कच्चा टाचून दाखवावा. समोरचा माणूस म्हणून शाळेचा शिपाई हणमंतप्पा उभा राहिला.

नूरजहाँनं टेप हातात घेतली आणि थांबली.

"यांचा एखादा जुना सदरा मिळंल का?" तिनं मास्तरांना हळू विचारलं.

"सदऱ्याचं माप घ्यायचं नाही, माणसाचं घ्यायचंय," आण्णासाहेब म्हणाले.

हणमंतप्पा अवघडून गेला. "न्हाय साहेब, लेकरू लाजतंय. हा घ्या की अंगातलाच." त्यानं खाकी सदरा काढून टेबलावर ठेवला आणि बंडीवर उभा राहिला. शेवटी सदरा अंगात बसला म्हणजे झालं, म्हणून आण्णासाहेबांनी हरकत घेतली नाही.

तिनं सदरा पसरला, सुरकुत्या काढल्या. छाती, खांदा, बाही, उंची. तासाभरात कापड बेतून झालं, आणखी दोन तासांत सदरा टाचून झाला. टाके सरळ, कॉलर बिनचूक. हणमंतप्पानं तो अंगात घातला. खांदे दंडावर आले आणि बाह्यांत त्याची बोटं बुडाली.

"सदरा आधीच्या शिपायाचा हाय साहेब," हणमंतप्पा म्हणाला. "भीमाशंकर म्हणून होता. लई दांडगा गडी. त्यो गेल्यावर त्याचा गणवेश मला दिला."

तो सदरा रोज त्याच्या अंगावर लोंबताना साऱ्या शाळेनं पाहिला होता. नूरजहाँनं पाहिला नव्हता. तिनं तीन वर्षांत त्याच्याकडं मान वर करून बघितलंच नव्हतं.

"नापास करावं लागेल," आण्णासाहेब म्हणाले. "हात चांगला आहे, पण माप चुकलं."

मास्तर पहिल्यांदाच फळ्याकडून वळले. "साहेब, कापड अजून शिल्लक आहे. पुन्हा बेतू द्या."

आण्णासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास. नुसतं बेतून दाखवायचं. पण माप अंगावरून."

नूरजहाँनं आईकडं पाहिलं. अजीजाबीनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"माप ले. मैं बैठी हूँ ना," ती म्हणाली.

नूरजहाँनं माप घेतलं. छातीभोवती टेप न्यायला तिला हणमंतप्पाच्या मागून दोन्ही हात पुढं घालावे लागले. तो डोळे मिटून उभा होता. सगळी मापं बरोबर आली, कापड वेळेत बेतून झालं आणि ती पास झाली.

हणमंतप्पानं ही गोष्ट चौकातल्या हॉटेलात सांगितली. त्यात वाईट हेतू नव्हता. पोरगी हुशार आहे, हेच त्याला सांगायचं होतं. पाच दिवसांत गोष्ट माकणीला पोचली. फरिदाबी आली ती चहालाही थांबली नाही. "तुमची मुलगी पास झाली, मुबारक," ती जलीलना म्हणाली. "आमच्या शब्बीरसाठी आम्ही दुसरीकडं बघतो." त्यानंतर जलील अजीजाबीशी महिनाभर बोलले नाहीत.

जूनमध्ये नूरजहाँ शिक्षिका झाली. मल्लिनाथ मास्तरांची बदली झाली. मुलींनी सदऱ्याचं माप हणमंतप्पाऐवजी शिंप्याच्या लाकडी पुतळ्यावर घ्यावं, असा अर्ज तिनं पहिल्याच आठवड्यात केला. पंधरा दिवसांत तो मंजूर झाला. ही सोय तीन वर्षांपूर्वीही झाली असती. कुणी मागितलीच नव्हती.

वर्गात नावं फक्त तीन आली. मुख्याध्यापिकेनं तिला घरोघर जायला सांगितलं. एका गल्लीत ती इरम्मा नावाच्या बाईच्या ओसरीवर बसली. इरम्माची मुलगी आठवीत होती. नूरजहाँनं सगळं सांगितलं. शिकवायला बाईच आहे, पुरुष कुणी येत नाही, पास झाल्यावर काम मिळतं.

"तूच व्हय ती मास्तरीण?" इरम्मानं विचारलं. "शिपायाचं माप घेतलेली?"

"व्हय."

"लग्न झालं का तुजं?"

"न्हाय."

"मग आमच्या पोरीला तुज्याकडं कसं गं पाठवू?"

मुलगी दाराआडून ऐकत होती. नूरजहाँनं वर्गात नाव घालायच्या अर्जाचा कागद ओसरीवर ठेवला. इरम्मानं तो हातात घेतला नाही आणि परतही केला नाही. नूरजहाँ उठली. त्या गल्लीत अजून चार घरं राहिली होती.