आमच्या डोक्यावरचं काळं टिन

थांबा, बाकीचं सगळं नंतर, हे आधी आयका. आत्ताच सांगतलं नाही तं माह्यं डोकं फुटन!

मी जानेफळची. खामगावले रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राह्यली. आमच्या अभ्यासिकेत खाली पोरं बसतात, वरती पोरी. खाली म्हणजे पक्क्या स्लॅबखाली, वरून कुलर. वरती म्हणजे त्याच स्लॅबवर ठोकलेलं टिनाचं शेड. टिन जुनं, गंजलेलं, आन् गळू नये म्हणून जागोजागी डांबर फासलेलं. पार काळंकुट्ट. एप्रिलच्या दुपारी तिथं बसलं की हात पानाले चिकटे. पंखा होता, पण तो टिनाखालची गरम हवाच आमच्या डोक्यावर ढकले.

तं एक दिवस मालक काका वर आले आन् म्हणाले, "पोरींनो, आता मेभर हा हॉल बंद. कोणी चक्कर येऊन पडलं तं माह्यावर येईन. घरी जाऊन अभ्यास करा."

परीक्षा जूनमधी! आन् घरी जाणं म्हणजे काय ते पोरीलेच माहीत. पाहुणे आले, चहा ठेव. पीठ मळ. लहान्याचा अभ्यास घे. त्यात मे म्हणजे लग्नसराई. एखादा पाहुणा तं चहा प्याले येतच नाही, मले पाह्याले येते! एकदा जानेफळच्या गाडीत बसली की माही परीक्षा संपली, हे मले पक्कं माहीत होतं.

मी उठलीच. "काका, खाली अर्धी जागा द्या मंग."

"पोरापोरीले एकत्र बसवलं तं तुमचेच बाप येतीन भांडाले."

"मंग कुलर द्या."

"नळ कवा येते तुले माहीत नाही? कुलरले पाणी कुठून आणू?" आन् वरून म्हणतात कसे, "बुलढाण्यातल्या पोरी टिनाखालीच बसतात. त्या काही बोंबलत नाहीत. तुमीच नाजूक!"

झालं! माह्या मस्तकात तिडीक गेली. "काका, बुलढाणा घाटावर हाये! जितकं उंच तितकी हवा थंड. आपण घाटाखाली, सपाटीवर. सूर्य तोच, जिल्हा तोच, पण मोबाईलवर बुलढाण्याचं तापमान पाहून खामगावचा घाम मोजता येते का? मुंबईले बाजूले समुद्र हाये, तो हवेले इतकी तापूच देत नाही. आपल्यापासून समुद्र कुठं?"

"मंग काय करू बाई? समुद्र आणू इथं?"

माही रूममेट लोणारची. मागून बोलली, "आमचं तळं घेऊन या काका, तेवढंच हाये!"

सगळ्या पोरी फुटल्या हसून. काका तणतणत खाली गेले. पण माह्या डोक्यात ते बसलंच. घाट आणता येत नाही, समुद्र आणता येत नाही, मान्य. पण समोर भूगोलाचं पुस्तक उघडं होतं, आन् त्यात जे मी शंभरदा घोकलं होतं तेच लिहिलेलं. ध्रुवावरचा बर्फ पांढरा, म्हणून ऊन माघारी पाठवते. तो वितळला की खालचं काळं पाणी ऊन पिते आन् सगळी पृथ्वी अजून तापते. आन् आमच्या डोक्यावर काय? डांबर! अवं, एवढं पाठ करून आमी परीक्षेत टिक करतो आन् त्याच उन्हात भाजतो!

खाली जाऊन काकाले म्हटलं, "टिनाले चुना मारतो आमी."

"टिनाले हात लावायचा नाही."

मी त्यायले विचारलंच नव्हतं. सांगतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चुना कालवला, बांबूची शिडी लावली आन् आमी दोघी चढलो. खालून पोट्टे ओरडले, "अबे पाह्य, पोरी टिनावर!" रूममेटनं कुंचा झटकला तसे पळाले. टिन पांढरंफेक झालं. मी तं नाचायचीच बाकी होती.

आन् संध्याकाळी अवकाळी आला. सगळा चुना धुवून भिंतीवर, भिंतीवरून काकाच्या बोर्डावर. अभ्यासिकेचं नावच दिसेना. काका खाली उभे राहून ओरडून राह्यले, "मलेच चुना लावला पोरींनी! उद्या दुपारी कुलूप लावतो, पिशव्या भरा!"

रूममेट म्हणे, "चुन्यात डिंक टाकला का तूनं?"

"नाही."

"मंग राह्यन कसा? आमच्या घरी डिंकाबिगर भिंतीलेसुद्धा चुना मारत नाहीत."

हे आधी सांगाले काय झालतं हिले! पण सकाळी पुन्हा चढलो. आता डिंक टाकून. या वेळी बाकीच्या पोरीही बादल्या धरून शिडीखाली. एका कोपऱ्यापुरता चुना कमी पडला, तो तसाच काळा राह्यला.

भर दुपारी काका आले. हातात कुलूप. पोरी जागेवरून हलल्या नाहीत. महाबळेश्वर झालं नव्हतं, खोटं कायले बोलू. पण बसता येत होतं, लिहिता येत होतं.

"आज वारं हाये," काका म्हणाले.

मी म्हटलं, "बरं. मंग त्या कोपऱ्यात उभे राहा जरा, काळ्या टिनाखाली. वारं तिकडंही हाये."

उभे राह्यले. मान पुसली. मंग चालत आमच्याकडं आले, वर पाह्यलं, टिनाले खालून हात लावला. पुन्हा कोपऱ्यात गेले. शेवटी बोलले काय, तं "भिंत पुसून द्या माही." आन् कुलूप घेऊन खाली गेले.

त्याच संध्याकाळी बाबाचा फोन. "गर्मी लय हाये म्हणे तिकडं. येऊन जाय घरी. रविवारी पाहुणे येऊन राह्यले."

"बाबा, मी येत नाही. हॉल चालू हाये."

"आन् पाहुण्यायले काय सांगू?"

"सांगा, पोरगी टिनावर चढली!"

बाबा म्हणाले, "पडजो नको म्हणजे झालं."

आता तुमी सांगा. तुमालेही कोणी असं म्हटलं का कवा, की ऊन लय हाये, तू घरी जाय? आन् मंग तुमी गेले, का बसून राह्यले?