न झालेल्या शहराचे नगराध्यक्ष

आमच्या तेर-धाराशिव गाडीतले आप्पा खिडकीबाहेरचं ज्वारीचं रान दाखवून बिनदिक्कत सांगायचे, "ही आपली सराफ गल्ली." तेर म्हणजे जुन्या काळचं तगर, इथला माल समुद्रापार जायचा, हे आम्ही शाळेपासून ऐकलेलं. पुढं व्यापार उठला आणि शहराचं खेडं झालं. आप्पांना हे साफ नामंजूर होतं. त्यांच्या मते व्यापार उठलाच नाही! कचेरीत कारकुनी करायला निघालेला हा माणूस रोज सकाळी गाडीत शहर वसवायचा. आम्ही त्यांना नगराध्यक्षच म्हणायचो.

एकदा का ते रंगले, की धाराशिव कधी आलं कळायचं नाही. पुण्याची पोरं नोकरीसाठी तेरला खोल्या शोधतायत, तेरणेच्या दोन्ही काठांना दिवे लागलेत, काय न् काय. मला त्यांनी नदीकाठी ग्रंथालय दिलं होतं. मी हट्टानं त्याला गच्चीही मागून घेतली. एकदा कळंबच्या आडत्यानं विचारलं, आमचं कळंब कुठं ठेवलंत? आप्पांनी त्याची शहराची भुसार पेठ करून टाकली. गडी असा भडकला, की दोघं उतरेपर्यंत भांडत होते, आणि उतरल्यावर एकत्र चहा प्यायले. खरं सांगते, त्या वर्षांत मला ऑफिसला जायचा कंटाळा कधी आला नाही.

एवढं शहर वसवलं, पण आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, काही पक्कं घर मिळालं नव्हतं. लग्नापासून पत्र्याच्या दोन खोल्या. निवृत्तीला आल्यावर आप्पांनी अखेर शेजारीच पाया खणायला घेतला, आणि कमरेइतकं खाली हातभर लांब जुन्या विटांची भिंत लागली. मी धावत गेले. आप्पा खड्ड्यात उतरून भिंत चाचपत होते, हसत होते, डोळे पुसत होते. गवंडी म्हणाला, गपचूप बुजवा, वर कळलं तर बांधकाम बंद पडंल.

आप्पांचं हसू मावळलं. त्यांनी काकूंकडं बघितलं. "म्या काय बोलत न्हाय. तू सांगशील तसं."

काकू पदर खोचून खाली उतरल्या. भिंतीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या शहरात हितं कोण ऱ्हात व्हतं?"

"ठाव न्हाय," आप्पा पहिल्यांदाच म्हणाले.

"मग बोलवा सरकारी मान्सं. जलमभर तुमचंच ऐकलं. खरं काय ते बी कळू द्या."



घर तिथं झालं नाही. पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी हलक्या हातानं माती काढली, तेव्हा भिंतीच्या आत एक चूल निघाली, काळी पडलेली. मग आप्पा गाडीत फक्त त्या चुलीबद्दल बोलायचे, आणि इतक्या आनंदानं, की आम्हालाही दुसरं काही सुचायचं नाही.

आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. मुलगा काकूंना धाराशिवला चला म्हणतो, त्या पत्र्यातून हलत नाहीत. बघायला कुणी आलं की स्वतः खात्यानं घातलेल्या कुंपणापाशी नेतात, चूल दाखवतात आणि सांगतात, "हितं एक बाई ऱ्हात व्हती. माझ्या आधीची."