काकूंचा वरचा आवाज

ठोके हे काकांचं आडनाव नव्हे. हवा खेळवणारे पत्र्याचे मोठाले नळ बनवायच्या कारखान्यात ते कामाला होते. दिवसभर हातोड्याने पत्रा ठोकायचे, म्हणून सोबत्यांनी ठोके म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की आमच्या गायनवृंदातले नवे लोक त्यांच्या बायकोला बिनदिक्कत 'ठोकेबाई' म्हणायचे. काकू फक्त हसायच्या.

काकू वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसत. दिवसभर कुजबुजत बोलायचं आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चमागच्या सभागृहात येऊन गायचं. आम्ही गातो ते प्रार्थनासंगीतच, पण आजच्या काळात रचलेलं. तीस-चाळीस गळे, सोबत व्हायोलिनं, चेलो आणि माणसाच्या उंचीची ती मोठी बास वाद्यं. सगळं संथ. एकेक स्वर इतका लांबवायचा की शेजाऱ्याशी ठरवून, आळीपाळीने श्वास घ्यावा लागतो. मधूनमधून शांतता, तीही लिहिलेली. बायकांच्या सर्वांत वरच्या आवाजात काकू. मी पुरुषांच्या सर्वांत खालच्या, अगदी मागच्या रांगेत. गाता गाता त्यांचा आवाज वर गेला की आमच्या माना आपोआप ताठ व्हायच्या.

काका त्यांना गाडीतून सोडायचे आणि तालीम संपेपर्यंत गाडीतच बसायचे. थंडी असो, ऊन असो. आम्ही म्हणायचो, "काका, आत या की." ते खिडकीची काच थोडी खाली करून म्हणायचे, "मला मनाई आहे."

मनाईची गोष्ट खरी होती. लग्नानंतर लवकरच ते एका कार्यक्रमाला आले होते. सबंध दिवस कारखान्यात राबलेला माणूस. मऊ खुर्ची, मंद उजेड आणि असलं संथ संगीत. नेमके त्या लिहिलेल्या शांततेत काका घोरू लागले. पहिली रांग हसली, मग दुसरी. काकूंना धरणी दुभंगावी असं झालं. घरी येऊन त्या म्हणाल्या, "यापुढे तुम्ही बाहेरच थांबा." काकांच्या ते पथ्यावर पडलं. त्यांना गाडीतला रेडिओ आणि वर्तमानपत्र पुरे होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली.

मग आमच्या बाईंनी, म्हणजे वृंद चालवतात त्यांनी, स्वतः एक नवी प्रार्थना रचली. शब्द अगदी थोडे. देवाकडे काही मागायचं नाही, फक्त आमचं ऐक, एवढंच. शेवटाकडे सगळे थांबतात आणि वरचा एकच आवाज उरतो. तो काकूंना दिला होता. पण त्याच जागी सभागृहातल्या हवेच्या जाळीतून बारीक शिट्टी यायची. बाई वैतागल्या. काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांना बोलावते. त्यांचंच काम आहे ते."

काका शिडी घेऊन आले. बाईंनी वर बोट दाखवलं. "ऐका, ही बघा शिट्टी."

काकांनी कान टवकारले. "कुठे आहे?"

"अहो, आता चाललीये ना!"

काकांनी वाद घातला नाही. शिडीवर चढून त्यांनी नळावर तळहात फिरवला, थरथर कुठे आहे ते चाचपलं, आतली एक सुटलेली पट्टी घट्ट केली. शिट्टी थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तालीम लगेच सुरू झाली म्हणून ते शिडीच्या पायरीवरच टेकले.

सुरुवात आमची असते. बास वाद्यं आणि आम्ही खालचे, अगदी तळातून. मी त्यांच्याकडे बघत होतो. हातातला पाना त्यांनी हळूच मांडीवर ठेवला. त्यांनीच नंतर मला सांगितलं, "छातीत कोणीतरी दिवा धरल्यासारखं झालं बघा. म्हटलं, हे इतकी वर्षं भिंतीपलीकडे चाललं होतं?"

मग सगळे थांबले आणि काकू उभ्या राहिल्या.

काकांना दिसलं ते असं: बायकोचं तोंड उघडं आहे, गळ्याची शीर ताणली आहे, डोळे मिटले आहेत. आवाज नाही. ओळ विसरली की काय, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. कोणी चुळबूळ करत नव्हतं. चेलो वाजवणारी मुलगी डोळे पुसत होती. तेव्हा ते समजले. शिडी तशीच टाकून ते बाहेर गाडीत जाऊन बसले.

काकूंना कळू न देता मुलीने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कामावर कानाला काही लावत नव्हता का?"

"द्यायचे ते. मी गळ्यात अडकवून ठेवायचो. लावले की पोरं म्हणायची, साहेब झालात."

"खालचे आवाज शाबूत आहेत तुमचे. बोलणं समजेल, गाडीचा भोंगा कळेल. वरचे गेले. ते परत येत नाहीत."

कानातलं यंत्र मिळालं. काकांनी ते लावून काकूंचा रियाज चोरून ऐकला. पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी ऐकू आलं. त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. असा आवाज बायकोचा म्हणून लक्षात ठेवायचा नव्हता त्यांना.

कार्यक्रमाला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी मेव्हणी. काकूंचा भाग आला तेव्हा ते नुसते बघत राहिले. मेव्हणीने रडत रडत त्यांचा हात दाबला. "नशीबवान आहात हो भाऊजी. तुम्हाला घरात रोज ऐकायला मिळतं."

घरी काकूंनी विचारलं, "कसं झालं?"

"छान."

"छान म्हणजे?"

काकांनी शर्टाची बटणं सोडायला घेतली. मग एकदम म्हणाले, "अगं, मला तुझं ऐकूच आलं नाही. तुझं तेवढंच नाही आलं."

मला वाटलं होतं, काकूंना त्यांची कीव आली असेल. तसं झालं नाही. त्या संतापल्या. "तेव्हा कान होते ना चांगले? दर वेळी तुमच्यासाठी एक खुर्ची धरून ठेवायचे मी. रिकामी राहायची."

"तूच म्हणालीस, बाहेर थांबा."

"म्हणाले! त्या दिवसापुरतं म्हणाले. जन्मभरासाठी नव्हतं म्हणाले."

कित्येक दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. मग बोलणं सुरू झालं, तसं ते होतंच. पण तो विषय दोघांनीही बाजूला ठेवला.

पुढे काकांनी कारखाना सोडला आणि गुरुवारी आत येऊन बसू लागले. एके दिवशी काकू पहिल्या रांगेतून उठून बायकांच्या खालच्या आवाजात जाऊन उभ्या राहिल्या. काका माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "माझ्यासाठी केलं हो तिनं. तिला सांगा, परत जा म्हणावं. मला नको असलं."

मी निरोप दिला. काकूंनी मान हलवली. "त्यांच्यासाठी नाही हो. वय झालं. वरचं पोचत नाही आता. बाईंनीच सांगितलं, इकडे या." आणि आणखी हळू म्हणाल्या, "पण त्यांना तसं वाटतंय तर वाटू द्या."

मी काकांना काही बोललो नाही. पण काकूंचा तो आवाज आता कोणालाच ऐकू येणार नव्हता. ध्वनिमुद्रण आहे, मुलीने ते जपून ठेवलंय. काकांना ते ऐकवलं तरी त्या जागी शांतताच.

खालचे आवाज मात्र त्यांच्या कानांच्या टप्प्यात येतात. त्या रांगेत सहा-सात बायका. काका डोळे मिटून, मान खाली घालून बसतात आणि त्यातला आपल्या बायकोचा आवाज कोणता ते शोधतात. कठीण जातं. बोलतानाचा आवाज ते हजारांत ओळखतील. गातानाचा त्यांनी कधी ओळखीचा करूनच घेतला नव्हता. मध्यंतरी एकदा तालीम संपल्यावर ते हरखून पुढे आले.

"आज सापडलीस! ती शेवटची ओळ, जरा घोगरी, पण काय भरीव! तूच ना?"

काकूंनी पिशवी आवरली. "ती मी नव्हते. माझ्या शेजारची होती."

काका वरमले. दोघं दाराशी पोचले. मग काकूच म्हणाल्या, "मी डाव्या टोकाला असते. जरा अलीकडे बसत जा."

पुढच्या गुरुवारी आम्ही आत आलो तेव्हा त्यांनी आपली खुर्ची भिंतीपासून ओढून डावीकडे, अगदी तारवाद्यांना लागून ठेवली होती. बाई म्हणाल्या, चेलोवालीला कोपर हलवायला जागा उरत नाही. काका थोडेसे सरकले.