टेपवरचे लाल टाके

"तुमच्या बाळाची वाढ मागं पडलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेप पुन्हा एकदा लावला. ओटीपोटाच्या हाडापासून वर, पोटाचा उंचवटा जिथं संपतो तिथपर्यंत. "एकवीस. सव्वीस आठवडे झालेत ना? मग आकडाही सव्वीसच्या जवळपास यायला हवा."

मी पडल्या पडल्या त्यांच्या हातातला टेप बघत होते. माझ्यासारखाच होता, शिवणकामाचा. फक्त बाई त्याची सेंटिमीटरची बाजू वाचत होत्या. मी सात वर्षं लोकांचे ब्लाउज शिवत होते, सगळं मोजमाप इंचांत, त्यामुळं ती बाजू मी कधी वापरलीच नव्हती. रडू यायच्या आधी मला राग आला. कुणाचा ते तेव्हा नीट कळलं नाही.

ही गोष्ट बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालाची. साल सांगायचं कारण असं की पुढं लोक सरसकट म्हणायला लागले, दुष्काळात लेकरं बारीकच व्हायची. माझं बाळ पोटात सुकत होतं तेव्हा आमच्या घरात बाजरीची कणगी भरलेली होती. माळ्यावर शेंगांची पोती होती, दावणीला म्हैस होती. आणि मी, त्या घरची सून, अर्ध्या भाकरीवर होते.

माझं माहेर देवळाली प्रवरेचं, पाटपाण्याचं. सासर शेवगावपासून तीन कोसांवर, कोरडवाहू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मला दिवस गेलेत हे कळलं की आत्याबाई भाकरी मोडून अर्धीच ताटात टाकायच्या. "पोट भरून खाल्लं तर लेकराला जागा कुटं ऱ्हाईल? अन् लेकरू लई वाढलं तर निघायचं कसं?" असं त्या म्हणायच्या, आणि अख्ख्या आळीत हेच चालायचं. मलाही ते खरं वाटायचं. पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं, दोन दिवस जगलं आणि गेलं. माझ्यातच खोट आहे असं बायका म्हणाल्या आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता वाटतं, तेव्हाच ताट सरकवून द्यायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला पोटातली हालचाल मंद वाटायला लागली. पहिल्यासारखं होणार या भीतीनं मी हट्टाला पेटले, आणि आमच्या मालकांना घेऊन एसटीनं नगरच्या मोठ्या दवाखान्यात आले. बाकावर तीन तास बसले. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. लघवी परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवून पाहिली. रक्ताचा निकाल आला, ॲनिमिया. म्हणजे अंगात रक्तच कमी. मग बाईंनी टेप लावला, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

"जेवता किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. अन्न जातं ती पिशवी वेगळी. बाळ असतं ती वेगळी, तिला युटेरस म्हणतात, म्हणजे गर्भपिशवी. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. भाकरी जास्त खाल्ली म्हणून बाळाची जागा कमी होत नाही. बाळ खातं ते आईच्या रक्तातून. पिशवीच्या आतल्या बाजूला प्लॅसेंटा चिकटलेला असतो, म्हणजे आपण वार म्हणतो ती. वारेतून नाळ, नाळेतून बाळ. आईचंच रक्त पातळ तर बाळापर्यंत काय पोचणार.

पहिल्या तीन महिन्यांत बोटाएवढ्या जिवाला हात, पाय, डोळे, काळीज सगळं तयार होतं, असंही त्यांनी सांगितलं. मला आपलं माझ्या भाषेत कळलं. कटिंग आणि शिवण आधीच होऊन जाते, सहाव्या महिन्यानंतर अंग भरायचं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही गर्भारणीला अर्धपोटी ठेवत होतो. मला त्या बाकड्यावर बसवेना.

बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, असं सांगितलं. पोटभर जेवण, दूध, शेंगदाणे, गूळ, आणि दुपारी डाव्या कुशीवर दोन तास पडायचं. "पंधरा दिवसांनी या. टेप पुढं सरकला नाही, तर ॲडमिट करावं लागेल. हे बाळ जगवायचं असेल तर मला तुमची साथ हवी."

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मी म्हणाले, "आत्याबाई, उरलेली अर्धी पण वाढा."

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी उठले आणि टोपल्यातून अख्खी भाकरी घेतली. सगळ्यांसमोर बसून खाल्ली. त्या घरात सुनेनं स्वतःच्या हातानं वाढून घेतल्याची ती पहिलीच वेळ असावी. आमचे मालक ताटाकडं बघत बसले. ते वाईट नव्हते, पण आईपुढं त्यांची बोलती बंद व्हायची.

दुपारी मी ओसरीवर डाव्या कुशीवर आडवी व्हायची. आत झोपले असते तर कुणाला दिसलंही नसतं. पण म्हटलं, मी काही चोरी करत नाही. शेजारणी येता-जाता टोमणे मारायच्या. "बाई माहेरची पाटलीण दिसतीया." मी डोळे मिटून म्हणायची, "व्हय, हाय मी पाटलीण. तुमचा ब्लाउज चारनंतर मिळंल."

आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शेंगांचं पोतं माळ्याच्या आतल्या अंगाला सरकलं, दुधाचं भांडं शिंक्यावर वर गेलं. मी स्टूल घेऊन काढायची. फार भांडले मी त्या पंधरा दिवसांत. अजूनही त्याची लाज वाटत नाही.

दर आठवड्याला मी स्वतःच टेप लावायची आणि जिथं माप येईल तिथं सेंटिमीटरच्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. पहिला टाका एकविसावर. दुसऱ्या आठवड्याला पुन्हा एकवीस. त्या दिवशी मी मशीनवर डोकं ठेवून रडले. इतकं भांडून, इतकं खाऊन माप जागचं हललं नव्हतं. अंगात रक्त एका रात्रीत होत नसतं हे मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर पहिल्या आठवड्यात धीर सोडू नका एवढं सांगते.

पंधरा दिवसांनी बावीस भरलं. बाई म्हणाल्या, हललंय, पण आता अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे. ॲडमिट व्हा.

तेव्हा दवाखान्यात रुग्णाचं जेवण नातेवाईकच करायचे. मागच्या आवारात तीन दगडांच्या चुली मांडलेल्या असत. मालकांना शेत सोडून येता येईना, म्हणून सोबत आत्याबाई आल्या. मी कपाळाला हात लावला. जिच्या हातून सुटायला इथं आले, तीच चूल पेटवणार.

पहिला दिवस तसाच गेला. अर्धी भाकरी आली, मी दुसरी अर्धी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी बाई राऊंडला आल्या, त्यांनी टेप लावला आणि पुढच्या खाटेकडं वळल्या. तोच आत्याबाई कॉटशेजारच्या चटईवरून उठून उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी हिचं पोट मोजता. लेकराची निघायची वाट मोजली का कुनी?"

नर्स हसली. बाई हसल्या नाहीत. "असं का विचारता, मावशी?"

"माज्या गोदीची कुनी मोजली न्हाई. तीन दिस अडली हुती. बैलगाडीत घालून निगालो, वाटंतच गेली. लेकरू पोटातच ऱ्हायलं. लई वाढलं हुतं ते. म्या तिला पोटभर खाऊ घालत हुते."

गोदा म्हणजे माझी नणंद. ती गेली एवढंच मला माहीत होतं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत आत्याबाईंनी तिचं नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. अर्धी भाकरी कुठून आली ते मला तिथं, त्या वॉर्डात कळलं. त्या मला उपाशी ठेवत नव्हत्या, त्यांच्या समजुतीनं मला वाचवत होत्या. माझा राग लगेच गेला असं मी म्हणणार नाही. माझं पहिलं लेकरू त्या समजुतीपायीच गेलं होतं. पण राग कुणावर धरायचा हे मात्र मला उमजेनासं झालं.

बाईंनी विचारलं, "गोदाचं वय काय होतं?"

"पंदरावं लागलं हुतं."

"मावशी, बाळ मोठं नव्हतं. तुमची पोर लहान होती. पंधराव्या वर्षी कंबरेची हाडंच पुरती वाढलेली नसतात. तुमच्या खाऊ घालण्यानं काही झालं नाही."

आत्याबाई कॉटपाशी खाली बसल्या. पदर तोंडाला लावून रडल्या, आवाज न करता. इतकी वर्षं त्यांनी पोरीचं मरण स्वतःच्या हातच्या भाकरीवर ढकललं होतं.

त्याच दुपारी बाईंनी मला आत नेऊन पेल्व्हिस तपासला. पेल्व्हिस म्हणजे कंबरेचं हाडांचं कडं, बाळ त्यातून बाहेर येतं. बाहेर येऊन त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "वाट चांगली रुंद आहे. सात पौंडांचं बाळ खुशाल येईल. आता हिला जेवू घाला."

संध्याकाळी आत्याबाईंनी ताट आणलं. अख्खी भाकरी, वर गूळ-तूप, बाजूला शेंगदाण्याची चटणी. मी ती संपवली आणि मुद्दाम म्हणाले, "अजून एक."

"खा की. कोन नगं म्हनलंय," त्या म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या.

मग दिवस एकसारखे गेले. सकाळी लोहाचं इंजेक्शन, खुब्याला गाठ यायची, आत्याबाई गरम फडक्यानं शेकायच्या. दुपारी डावी कूस. आठवड्याला टेप आणि टाका. चोवीस. पंचवीस. सत्तावीस.

तेव्हा सोनोग्राफी नव्हती. बाळाचे ठोके ऐकायला एक लाकडी नळी असायची, एक टोक पोटावर, दुसरं कानाला. आईला स्वतःच्या बाळाचे ठोके काही ऐकता येत नाहीत, कान तिथवर पोचत नाही. बाईंनी एकदा आत्याबाईंना ऐकू दिलं. त्या वाकून ऐकत राहिल्या आणि माझ्या मनगटावर बोटानं ठेका धरला, टकटक टकटक, घाईघाईचा. माझ्या बाळाचं काळीज मला असं सासूच्या बोटातून कळलं.

अडतिसाव्या आठवड्यात, सकाळी नऊला, मुलगी झाली. सव्वापाच पौंड. बाई म्हणाल्या, लहान आहे, पण खणखणीत आहे. ती अशी रडली की बाहेर आत्याबाई चूल सोडून धावत आल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरले नाही, पण त्यांच्यापेक्षाही जास्त आठवतं ते हे, की त्यांनी एका अडाणी म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर दिलं.

आता माझ्याकडं शिवायला येणाऱ्या पोरी सांगतात, जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, मग सिझर करावं लागेल, असं घरचे म्हणतात. म्हणजे अर्धी भाकरी अजून मेलेली नाही. माझं ऐका. कुणाच्याही भीतीपायी उपाशी राहू नका. डॉक्टरकडं जा, पोट मोजून घ्या, वाट मोजून घ्या. आणि घरातली म्हातारी घाबरवत असेल, तर तिलाही सोबत न्या.

पुढं दुष्काळ पडला तेव्हा माझी धाकटी जाऊ गर्भार होती. कणगी रिकामी, म्हैस विकलेली, रेशनची लाल मिलो ज्वारी तेवढी घरात. एके दिवशी आत्याबाई मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुजा त्यो टेप दी." त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण लाल टाके दिसत होते. मी त्यांना सांगितलं, हे टाके माझे, मागं पडलेले. हिचं पोट त्या त्या आठवड्याच्या टाक्याच्या पुढं पायजे.

त्या दर आठवड्याला जावेला चटईवर निजवायच्या आणि मी दाखवलेल्या टाक्यावर नख टेकवून बघायच्या. एकदा पोट टाक्यापाशीच थांबलं. त्या दिवशी आत्याबाईंनी आपल्या वाटणीची भाकरी उचलून जावेच्या ताटात ठेवली. जाऊ नको नको म्हणाली, मीही म्हणाले, आत्याबाई, तुम्ही काय खाणार.

"हिचं पोट टाक्याच्या फुडं जाईस्तवर मला वाढू नगा," त्या म्हणाल्या.

आम्ही चोरून वाढायला गेलो की ताट परत यायचं, शेवटी कशाबशा अर्ध्या भाकरीला तयार झाल्या. दुष्काळात जन्मलेलं ते बाळ सहा पौंडांचं भरलं.