पाणी कुठवर येतं?

मस्कतला आम्ही पाहिलेलं पहिलं घर तळमजल्यावर होतं. पुढे हातभर अंगण, अंगणात बोरीचं झाड आणि दाराला पायरी अशी एकच. नवऱ्याला ते इतकं आवडलं होतं, की मला दाखवायच्या आधीच त्याने सोफा कुठे ठेवायचा हे ठरवून टाकलं होतं. मी आत शिरले, ओल चढल्याचा पट्टा कुठे दिसतोय का म्हणून चारी भिंती खालून वर न्याहाळल्या आणि घर दाखवणाऱ्या केरळी एजंटाला विचारलं, "इधर पानी कहाँ तक आता है?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मॅडम, यहाँ लोग पानी आने के लिए दुआ माँगते हैं."

दुसऱ्या कोणाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. पण मी महाडच्या बाजारपेठेतली. सावित्री नदी पावसाळ्यात एकदा तरी आमच्याकडे घर बघायला येते आणि कोणाकडे किती पाणी आलं ते आम्ही पायऱ्यांवर मोजतो. माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा वडिलांनी मुलाचा पगार नंतर विचारला. पोलादपूरच्या वर, डोंगरात घर आहे म्हटल्यावर "म्हणजे पाण्याचं भय नाही" म्हणून ते निम्मे तयारच झाले होते.

खिडकीतून रस्त्यापलीकडे एक रुंद, कोरडा, गोट्यांनी भरलेला पट्टा दिसत होता. त्यात गाड्या लावलेल्या होत्या.

"ही नदी आहे," मी म्हणाले.

"पार्किंग आहे," नवरा म्हणाला.

"नदीत पार्किंग आहे."

तिथे विषय संपला. आम्ही पुढच्या गल्लीत तिसरा मजला घेतला. लिफ्ट नव्हती.

आता खरं सांगायला हरकत नाही. नवऱ्याला तळमजला हवा होता तो त्याच्या आईसाठी. सासरे आदल्या वर्षी गेले होते. सासूबाई गावी एकट्या, आणि त्यांचे गुडघे कामातून गेलेले. त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर आणायचं आणि करमलं तर कागदपत्रं करून कायमचं ठेवून घ्यायचं, असा त्याचा बेत होता. तो मला ठाऊक होता. पाण्याची भीती खरी होती, देवाशपथ खरी होती. पण मध्ये तीन जिने आले याचं मला वाईट वाटलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. नव्या शहरात नवा संसार मांडायचा होता आणि स्वयंपाकघरात दुसरं कोणी नको, एवढंच माझं मागणं होतं.

संसार मी महाडच्या शिस्तीने मांडला. तांदळाचा डबा कपाटावर. पासपोर्ट आणि लग्नाचे फोटो त्याहून वर, पोटमाळ्यावर. टीव्ही एका उंच लोखंडी घडवंचीवर, त्यामुळे पाहुण्यांना बातम्या मान वर करून बघाव्या लागत. खालच्या फळीवर फक्त भिजलं तरी चालेल असं सामान, म्हणजे पाटा-वरवंटा आणि बादल्या. शेजारची गुजराती बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिने हळूच विचारलं, घरात उंदीर फार आहेत का? मी हो म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर, वाळवंटात, पुराच्या भीतीने तांदूळ वर ठेवलेत हे सांगण्यापेक्षा उंदीर बरे वाटले. नव्वदच्या दशकाची ती अखेर. भारतात फोन करायचा म्हणजे बूथवर रांग लावायची, आणि आई फोनवर पहिलं हेच विचारायची, "काय गं, पाऊसपाणी?" मी सांगायची, "नाही आई, अजून नाही." अजून, असं म्हणायची मी.

डिसेंबरात सासूबाई आल्या. प्रत्येक वळणावर पायरीवर बसत, नऊवारीचा पदर कमरेला खोचत त्या तीन जिने चढल्या. गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही. वर येऊन पाणी प्यायल्या, घर बघितलं, टीव्हीकडे मान वर करून बघितलं आणि मागच्या खोलीत गेल्या. ती आम्ही त्यांच्यासाठी सजवली होती. नवी गादी, नवी चादर, उशाशी खिडकी. खिडकीबाहेर, दोन हातांवर म्हणावा असा, काळा उघडा डोंगर. मस्कतमध्ये निम्म्या इमारतींच्या पाठीला असा डोंगर असतो.

सासूबाईंनी गादीची वळकटी केली आणि ती पुढच्या खोलीत टीव्हीखाली आणून टाकली.

"ह्या डोंगराला एक झाड नाय," त्या म्हणाल्या. "मुळंच नायत, तर त्याला धरलाय कोनी? त्याच्या पायाशी मी नाय झोपायची."

मला हसू आवरेना. त्यांचं घर कुडपणच्या वाटेवर, उतारावर. त्यांच्याकडे पाणी खालून येत नाही, डोंगर वरून येतो. घराच्या वरच्या अंगाला पावसाळ्याआधी चर खणायचा, म्हणजे उतारावरचं पाणी बाजूने निघून जातं. तो चर सासरे काढत. "आई," मी म्हणाले, "इथे पाऊसच पडत नाही, तर दरड कुठून येणार?"

"मग तांदलाचा डबा कपाटावर कशाला ठेवलास गो?"

नवरा आतल्या खोलीत जाऊन हसला. त्याचा आवाज ऐकू आला.

त्या दिवसापासून आमचं जमलं. माझी भीती त्यांना पटत नव्हती आणि त्यांची मला, पण दोघींनाही एकमेकींना वेडं ठरवायची सोय उरली नव्हती. सकाळी चहा झाला की त्या मागच्या खिडकीत उभ्या राहून डोंगराची पाहणी करायच्या आणि मला अहवाल द्यायच्या, "तो मोठा धोंडा काल होता तितंच हाय." मग मी पुढच्या खिडकीतून नदीत किती गाड्या लागल्यात ते सांगायची. तोवर मला त्या शहरात एकाही माणसाशी असं बोलता आलं नव्हतं. स्वयंपाकघरात त्या कधी आल्या आणि अर्धा ओटा त्यांचा कधी झाला, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. शेजारपाजारचे लोक मजा बघायला गाड्या काढून बाहेर पडले. आमच्या घरात मी मिक्सर, पिठाचा डबा, इस्त्री असं एकेक वर चढवायला लागले. सासूबाईंनी मागच्या खोलीतल्या ट्रंका फरफटत पुढे आणल्या आणि ते दार लावून घेतलं. मध्येच त्या मला डबे देऊ लागल्या आणि मी त्यांच्या ट्रंका ओढू लागले. तासाभरात पाऊस थांबला.

आम्ही खाली बघितलं. पलीकडच्या पार्किंगमधून गढूळ पाणी उड्या मारत चाललं होतं आणि दोन गाड्या त्यात तिरक्या झाल्या होत्या. मागच्या गल्लीत डोंगरावरून सुटलेले चार धोंडे पडले होते. कोणाला इजा झाली नव्हती, म्हणून सांगायला लाज वाटत नाही, आम्ही दोघी भयंकर खूश झालो. नवरा ओले बूट हातात घेऊन घरी आला, तर दारातच त्याला दोघींनी एकदम सांगायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी हे गाव आपलं आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. बूट वाळत घालायला नवऱ्याला जागा मिळाली नाही, कारण सगळ्या उंच जागा भरलेल्या होत्या.

मार्चात व्हिसा संपत आला. नवऱ्याने अर्ज आणून ठेवला होता, पण आईला विचारायची त्याची छाती होत नव्हती. "तू बघ ना विचारून," असं तो मला रोज सांगायचा. शेवटी सासूबाईंनीच विचारलं. आम्ही दोघी ओट्याशी होतो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"यंदा चर काढायला घरी कोन नाय," त्या म्हणाल्या. मग मान वर न करता, "तुजं काय म्हननं हाय? ऱ्हाऊ मी?"

माझ्या तोंडात शब्द होता. राहा. दोन अक्षरं. मला त्या हव्या होत्या. सकाळचा तो धोंड्याचा अहवाल मला हवा होता. पण आमच्याकडे सुनेने सासूला राहा म्हणायची पद्धत नाही आणि जा म्हणायचीही नाही. सून काय म्हणते, ते माझ्या आईने मला लग्नाआधी पढवून ठेवलं होतं. तेच मी म्हणाले.

"तुम्ही ठरवाल तसं, आई."

त्या थांबल्या. निवडून झालेले तांदूळ त्यांनी पुन्हा सुपात पसरले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागल्या. मी कुकर लावला. कुकरला उगाचच फडका मारला. आम्ही दोघी वाट बघत होतो आणि दोघींनाही ते कळत होतं.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या आणि तांदूळ डब्यात ओतले.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "काय गं, काय म्हणाली आई?"

मी म्हणाले, "त्यांना जायचंय."