चुड्यातली मोरपंखी

फोन आला तेव्हा अंथुर्ण्याच्या एका बाईचा हात माझ्या हातात होता. डाव्या हातात बांगड्या भरून झाल्या होत्या, उजवा बाकी होता. एकाच हातात बांगड्या भरून बाईला गादीवरून उठू द्यायचं नाही, ही आमच्या दुकानाची अब्बांपासूनची रीत. भाचा पुण्याहून बोलत होता. म्हणाला, "खाला, अम्मी गेली..." मी "बरं" म्हणाले, फोन बाजूला ठेवला आणि उजवा हात घेतला. एकही बांगडी पिचली नाही. बाई समाधानानं निघून गेली आणि मग मी शटर अर्ध्यावर ओढून तिथंच बसले. रडले की नाही, आठवत नाही. एवढं आठवतं, की मनात पहिला विचार आला तो हा : आपाच्या हातून निदान दोन-तीन तरी पिचल्या असत्या. सख्खी बहीण गेल्याची खबर ऐकून जिच्या मनात असलं काही येतं, तिनं स्मृतिलेख लिहावा का? पण या पुरवणीच्या संपादकबाईंनी फार गळ घातली. म्हणाल्या, "धाकट्या बहिणीच्या नजरेतून भावपूर्ण असं लिहा." भाव माझ्याकडे भरपूर आहे. तो कुठला, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

शमीमआपाबद्दल या काही आठवड्यांत पुष्कळ छापून आलं. बारामतीच्या बांगडीच्या दुकानातून निघालेली मुलगी साड्यांच्या काठांपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत आणि मोठमोठ्या इमारतींच्या भिंतींपर्यंत कशी पोचली, तिची ती प्रसिद्ध रेघ, दिल्लीचं पारितोषिक, परदेशातलं प्रदर्शन. सगळं खरं आहे. मी सगळी कात्रणं वाचली आणि प्रत्येकात स्वतःला शोधलं. प्रत्येकात मी एकाच वाक्यात आहे : 'धाकट्या बहिणीच्या हातून झालेल्या एका चुकीतून शमीम यांना आपली शैली सापडली.' काहींनी माझं नावसुद्धा दिलेलं नाही. नुसती बहीण आणि तिची चूक.

आमचं दुकान बाजारपेठेतलं, लांबोळकं, आत जावं तसं काळोखं होत जाणारं. दोन्ही भिंतींना बांगड्यांचे डबे छतापर्यंत. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण अब्बा तिला गादीवर बसू देत नसत. तिचा हात कडक होता. बाईचा पंजा दाबून बोटं जुळवायची, गप्पा मारत तिचं लक्ष दुसरीकडं न्यायचं आणि ती हसली की त्याच क्षणी बांगडी पुढं सारायची, हे तिला कधी जमलं नाही. मला ते कुणी शिकवावंच लागलं नाही. अब्बा गिऱ्हाइकांना सांगत, "थोरलीकडं नजर हाय, धाकटीकडं हात हाय." मला त्या वाक्यातला दुसराच भाग ऐकू यायचा आणि मी खूश व्हायचे. नजरेला बाजारात काय भाव असतो ते तेव्हा कुठं ठाऊक होतं! आपा आपली डबे उन्हात नेऊन काचा बघत बसायची. इंदापूरकडून डाळिंबं आली की ती फोडून खाण्याआधी दाण्यांमधला तो पातळ पिवळा पडदा उजेडात धरायची. कालव्याच्या कडेला उभी राहून पाण्याचा रंग सकाळी काय आणि तिसऱ्या प्रहरी काय, ते मला सांगायची. मी म्हणायचे, पाण्यासारखंच पाणी आहे, चल घरी. पुढं ते सगळं तिच्या मुलाखतींतून आलं : डाळिंब, कालवा, उसाच्या मोळ्यांची कापलेली तोंडं. वाचताना मला राग यायचा. यातलं काय मी बघितलं नव्हतं? कालव्याकडं जाताना आम्ही दोघी एकाच स्कुटीवर असायचो, चालवत तर मी असायचे.

आता ती चूक. लासुर्ण्याच्या एका घरी नवरीला चुडा भरायचा होता. नवरीचा हात नाजूक, म्हणून अब्बांनी मला बरोबर घेतलं. आपा उगाच आली, तिला कॉलेजला सुट्टी होती. संध्याकाळची वेळ, ओसरीवर पिवळा बल्ब, भोवती बायकांची ही गर्दी. अब्बा बाहेर पुरुषांत चहा घेत होते. मी गर्द हिरव्या काचेचा चुडा भरत होते. पहिल्या दोन चढल्या तेव्हाच मनात आलं, सगळा हिरवाच भरला तर फार गुळगुळीत दिसेल, नजर कुठं थांबणारच नाही. डब्यात मोरपंखी पडली होती, हिरव्यात निळी झाक असलेली. मी उजव्या हातात कोपराकडून तिसरी ती घातली, आणि डाव्या हातातही बरोबर त्याच जागी. बल्बाच्या उजेडात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं. अंगावर काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी लग्नाला आम्ही सगळे गेलो. मांडवात भर दुपारचं ऊन, आणि त्या उन्हात दोन्ही मोरपंखी बांगड्या अशा उठून आल्या, की लांबून दिसाव्यात. नवरीच्या आईनं अब्बांना बाजूला घेतलं. "मण्यारभाऊ, पोरीचा चुडा समदा हिरवा पायजे का न्हाय? हितं ही निळी कुठनं आली? माझी विहीण इचारतीया, मी काय सांगू तिला?" अब्बांचा चेहरा उतरला. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. लग्नाच्या दिवशी नवरीच्या हातातली बांगडी उतरवायची नसते, त्यामुळं दुरुस्तीचा मार्गही नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चांगलं दिसतं म्हणून घातली, असं म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी म्हणाले, "चुकून झालं अब्बा. बल्बात कळलं न्हाय." अब्बांनी माझ्यादेखत त्या माउलीपुढं हात जोडले. त्यानंतर बरीच वर्षं मला चुड्याला नेलं नाही. आणि आपा? ती पंगतीत बसली होती, समोरचा भात निवून गेला, पण तिची नजर नवरीच्या हातावरून हलेना.

पुण्याच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला तिनं साडीचा एक काठ केला. सगळा एकाच रंगाचा, आणि त्यात एकच रेघ शेजारच्या रंगाची... चूक वाटावी इतकीच वेगळी. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. एका विणकर संस्थेनं तो काठ उचलला, मग मुखपृष्ठं, मग एका मोठ्या सभागृहाची अख्खी भिंत. लोक त्या रेघेला तिच्या नावानं ओळखू लागले. मोठं काम केलं तिनं, हे मी नाकारत नाही. त्या सभागृहातल्या भिंतीपुढं मी बराच वेळ उभी राहिले. एवढ्या मोठ्या जागेत ती एक रेघ कुठं ठेवायची, हे मला सुचलं नसतं. पण डोळ्यांत पाणी आलं ते कौतुकाचं नव्हतं. लासुर्ण्याच्या ओसरीवरचा तो काटा आता दुसऱ्याच कुणाच्या अंगावर येत होता, आणि लोक आपाला हार घालत होते.

पुण्याच्या प्रदर्शनात तिनं मला हाताला धरून पुढं नेलं. "ही रेहाना, माझी धाकटी बहीण. हिच्या चुकीनं मला घडवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "किती गोड!" माझ्या हातात सामोशाची बशी होती, मी हसले. पुढं ते वाक्य तिनं सगळीकडं वापरलं आणि सगळीकडं तितकंच चाललं. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. पण काय सांगणार? नाव झालेल्या बहिणीच्या यशात वाटा मागायला आली, असंच दिसलं असतं. आणि तिनं "मग तेव्हा का नाही बोललीस?" विचारलं असतं तर? अब्बा गेले. मग तर सांगण्यात काही भीतीच उरली नव्हती, तरी मी गप्प राहिले.

शेवटची भेट तिच्या पुण्याच्या घरी झाली. आजारानं ती अगदी मूठभर उरली होती, मनगटावर घड्याळसुद्धा राहत नव्हतं. मी तिच्यासाठी बांगड्या नेल्या होत्या, लहान मुलीच्या मापाच्या. भरता भरता ती म्हणाली, "अजून हात मऊ हाय गं तुझा." का कोण जाणे, त्या एका वाक्यानं माझा बांध फुटला. म्हटलं, "आपा, लासुर्ण्याची ती चूक नव्हती. मी मुद्दाम घातली होती."

ती माझ्याकडं बघतही नव्हती. म्हणाली, "ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"दोनी हातांत कोपराकडनं तिसरी. चुकून कुणी दोन्हीकडं तिसरीच घालतं व्हय?" तिला दम लागला होता. "पंगतीतच मोजलं मी."

मी तिचा हात सोडला. "मग जगभर चूक चूक का सांगत फिरलीस?"

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. ती हसली, पण लबाडीनं नाही. "चूक म्हटली की ती कुणाचीच नसती, रेहू. उचलंल त्याची. तू मुद्दाम केलं म्हटलं असतं तर... माझं काय ऱ्हायलं असतं?" आणि मग अगदी हळू म्हणाली, "अब्बा म्हणायचे, नजर माझ्याकडं हाय. त्या दिशी कळलं, हात बी तुझा अन् नजर बी तुझीच. लई जळले मी तुझ्यावर."

एवढी वर्षं मी एकटीच जळते आहे असं समजत होते. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट वाटलं, जळण्यातही ही माझ्या पुढं निघाली, तिनं त्यातून भिंती उभ्या केल्या आणि मी नुसती दुकानात बसून कुढले. मी तिला माफ केलं असं लिहिलं तर लेख छान संपेल, पण मी तिला माफ केलेलं नाही. तिच्या उशाशी बसून मी तिचे पाय चेपले, तिला पेज भरवली, आणि रागातच बारामतीची एसटी धरली. पुन्हा भेट नाही.

परवा लासुर्ण्याकडचीच एक मावशी मुलीला घेऊन चुड्यासाठी आली. आता आमच्याकडं नवऱ्या हौसेनं मागतात, "शमीमताईंचा चुडा द्या." सगळा हिरवा आणि त्यात एक मोरपंखी. ज्या बांगडीपायी अब्बांनी हात जोडले, ती आता फोटो दाखवून मागतात. मी मुलीचा हात घेतला, कोपराकडून तिसऱ्या जागी मोरपंखी चढवली. मावशी कौतुकानं म्हणाली, "काय डोकं हुतं हो तुमच्या बहिणीचं!"

कुणास ठाऊक कसं, पण तोंडातून निघून गेलं. "हे तिचं न्हाय मावशी. हे माझं हाय. पयल्यांदा मी घातली हुती."

मावशीचे डोळे भरून आले. पुढं सरकून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय गं बाई, व्हय... माझी थोरली बहीण गेली तवा मला बी असंच व्हायचं. तिनं केलेलं समदं मीच केलंय असं वाटायचं. रड, रड. मोकळी हो."

या मावशीला खरं काय ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं. आपा, जायचंच होतं, तर निदान एकदा सगळ्यांसमोर सांगून तरी जायचंस.