शांताक्काचे डोळे आणि माझी विभूती

मंडळी, आज मी किती हलकट आहे ते मलाच कळलं.

चिटगुप्प्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पन्नाशीच्या शांताक्का तिथं क्लासच्या नव्या लॅपटॉपवर टायपिंग शिकतात. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, "सर, स्क्रीन आपोआप अंधारी व्हायलीय."

मी लॅपटॉपकडे न बघताच सगळ्यांसमोर बोललो, "स्क्रीन ठीक हाय अक्का, डोळे गेलेत तुमचे. या वयात कामून हौस करायलाव?" क्लासमधल्या पोरी फिदीफिदी हसल्या.

आज अक्का डोळे तपासून आल्या. डोळे चांगले निघाले.

मग नाइलाजानं लॅपटॉप बघितला. त्यातल्या लिनक्स सिस्टीममध्ये ऑटो ब्राइटनेस चालू होता, म्हणजे खोलीत अंधार झाला की स्क्रीनही आपोआप मंद होते. खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर कॅमेऱ्याशेजारी असतो, आणि त्याच्यावरच विभूती थापलेली, म्हणून त्याला कायम अंधारच वाटायचा. नव्या लॅपटॉपची पूजा मीच केली होती. ते तीन बोटांचे पट्टे माझेच.

रुमालानं पुसलं, स्क्रीन लख्ख झाली.

"काय झालतं सर?"

"लिनक्समध्ये होतंय असं."

"लई उपकार झाले," म्हणत अक्कांनी हात जोडले. मी "असू द्या" म्हणालो.

पोरी त्यांना अजून 'आंधळी अक्का' म्हणतात. उद्या क्लाससमोर खरं सांगायची हिंमत तुमच्यात असती का? माझ्यात न्हाई.